पानाची खालची बाजू

पान सरळ बघून सारिका औटीचं समाधानच होत नसे. कुणाच्या दारची तुळस असो नाहीतर लग्नातलं विड्याचं पान, हातात आलं की आधी ते उलटं व्हायचं. नवरा होता तोवर तो यावरून तिची मनसोक्त थट्टा करी. मुलीला, म्हणजे ईश्वरीला, बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी आणलेल्या गुलाबाचीही पानं हिनं त्यांच्यादेखत उलटून पाहिली होती. सारिकाला त्याचं काही वाटत नसे. जी माशी मोजण्यात तिची वीस वर्षं गेली ती पानाच्या खालच्या बाजूलाच अंडी घालते, त्याला ती तरी काय करणार होती.

ही पांढरी माशी. माशी म्हणायची ती नावापुरती. तिळावर बसवली तर तिळात जागा उरेल. टोमॅटोच्या पानातला रस ती पिते आणि पिता पिता एका झाडाचा विषाणू दुसऱ्या झाडाला देऊन जाते. मग पानं वळतात, आकसतात, झाड खुरटतं आणि फळ धरत नाही. कुकडीच्या खोऱ्यात याला बोकड्या म्हणत. सारिकाच्या लहानपणी बोकड्या आला की अख्खं गाव तोंड पाडून बसे आणि दर चौथ्या दिवशी शिवारभर औषधाच्या फवाऱ्याचा वास सुटे.

आता सन २०४३ होतं आणि बोकड्या हा शब्द ईश्वरीच्या वयाच्या पोरी विसरायला लागल्या होत्या. चार वर्षांपूर्वी खोऱ्यात टोचणी आली होती.

टोचणीमागचं शास्त्र शोधणारा माणूस जुन्नरलाच राहत होता. डॉ. दिगंबर सोनटक्के यांनी उभी हयात एका गोष्टीत घातली: विषाणू माशीच्या वंशाचं काय करतो? माशी म्हणजे विषाणूची निव्वळ गाडी नव्हे, असं ते म्हणत. विषाणू तिच्या पोटातून अंगात जातो, अंगातून लाळेत उतरतो, आणि जाता जाता तिच्या बीजकोशाचंही दार ठोठावतो. अंड्यात बलक भरायला माशीच्या अंगात एक प्रथिन तयार होतं. त्या प्रथिनाला लटकून विषाणूला अंड्यापर्यंत पोचता येतं. सोनटक्क्यांनी विषाणूची ही पकड बदलली. त्यांच्या विषाणूनं ते प्रथिन इतकं घट्ट धरून ठेवलं की बलक अंड्यापर्यंत पोचेचना. माशी अंडी घालायची, पण पोकळ. दोन दिवसांत ती चुरमडून जायची. विषाणूतला रोग करणारा भागही त्यांनी काढून टाकला होता, त्यामुळे झाडाला त्याचा काही त्रास नसे. रोप नर्सरीत असतानाच त्याला हा विषाणू टोचायचा. पुढं शेतात माशी त्या रोपाचा रस पिणार आणि तिचा वंश तिच्यापाशीच थांबणार.

पहिल्याच वर्षी फवारणी निम्म्यावर आली, दुसऱ्या वर्षी बंद झाली. नियम मात्र पहिल्या दिवसापासून होते. टोचणीशिवाय रोप विकायचं नाही. शेतात आणि नर्सरीत दर दहा पावलांवर एक चिकट पिवळा पत्रा आणि त्यावर डोळा लावून बसलेला छोटा कॅमेरा. पांढऱ्या माशीला पिवळ्या रंगाची ओढ, ती येऊन चिकटणार आणि कॅमेरा मोजणार. लोक त्याला चौकीदार म्हणत. चौकीदाराचा आकडा आणि माशी मोजायला नेमलेल्या मोजणीदाराची सही, दोन्ही असलेल्या पत्राशिवाय रोपांची गाडी नर्सरीच्या फाटकाबाहेर पडत नसे.

त्या पत्रावर जुन्या काळातला एक रकाना तसाच राहून गेला होता. 'पान उलटून पाहिले: होय / नाही.' खोऱ्यातले सगळे मोजणीदार त्यात 'होय'वर खूण करत आणि चौकीदाराचं शून्य खाली उतरवून घेत. पान कुणी उलटत नसे. नर्सऱ्यांत चार वर्षं शून्यच येत होतं, मग कशाला मान मोडून घ्या? सारिका मात्र उलटायची. खूण करायची तर ती खरी असावी, इतकं साधं तिचं म्हणणं होतं, आणि त्यापायी तिचं काम सगळ्यांच्या नंतर संपायचं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती विलासशेठ वायाळांच्या नर्सरीत उन्हाळी टोमॅटोची रोपं बघत होती. रोपं बारा दिवसांची होती, आणखी बारा दिवसांनी गाड्या भरायच्या होत्या. चौकीदार शून्य दाखवत होता. तिनं चौथ्या शेडमधल्या एका रोपाचं पान उलटलं, भिंग लावलं आणि तशीच वाकून राहिली.

पानावर अंडी होती. अंड्यांचं तिला नवल नव्हतं, पोकळ अंडी तिनं चार वर्षांत हजारो पाहिली होती. पण ही चुरमडलेली नव्हती. ताठ उभी होती आणि रंगानं बदामी झाली होती. बदामी म्हणजे आत जीव.

तिनं सहा रोपं विलासशेठला सांगून घरी नेली. स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या मोठ्या बरणीत ठेवली, तोंडाला जुन्या ओढणीचं कापड बांधलं, आणि चौथ्या शेडमधल्या दहा माद्या पकडून आत सोडल्या. तिच्या जुन्या वहीत टोचणी यायच्या आधीची मोजणी होती. तेव्हा एक माशी आठवड्यात साधारण चाळीस अंडी घालायची. बरणीतली एकेक माशी सत्तर घालत होती. आठव्या दिवशी अंडी फुटली आणि दहाव्या दिवशी रोपांचे शेंडे वळायला लागले. ईश्वरीनं ते पाहिलं आणि हे कुठून आलं म्हणून विचारलं. पोरीनं बोकड्या चार वर्षांनी पुन्हा पाहिला तो आपल्या ओट्यावर.

ईश्वरी वायाळांच्याच नर्सरीत टोचणीच्या शेडवर होती. एकशे चार खाचांचा ट्रे समोर यायचा, तिनं एकशे चार सुयांचा ठसा त्यावर अलगद दाबायचा, आणि पुढचा ट्रे घ्यायचा. काम नाजूक होतं आणि तिच्याइतका हलका हात तिथं कुणाचा नव्हता. पण या कामानंच तिच्या लग्नात खोडा घातला होता.

झालं असं की टोचणी माशीला वांझ करते हे खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यातून कुणीतरी उचलली जीभ लावली टाळ्याला: माशीला वांझ करणारी टोचणी बाईला सोडते होय? टोचणीच्या शेडवरच्या दोघींना लग्नाला दोन वर्षं होऊन मूल नव्हतं, तेवढा पुरावा गावाला पुष्कळ झाला. त्याच शेडवरच्या तिघींना तीन-तीन मुलं होती, ती कुणी मोजली नाहीत. खरं तर हा विषाणू झाडाचा आणि त्या एका माशीचा. माणसाच्या अंगात त्याला धरायला ते प्रथिनच नाही. टोमॅटो खाणारा प्रत्येक जण असले विषाणू जन्मभर खात आलाय. सारिकानं हे दहा बायकांना दहा वेळा समजावलं होतं. बायका माना डोलवत आणि घरी जाऊन सुनेला टोचणीच्या कामावरून काढत.

ईश्वरीची सुपारी फुटली होती. नवरामुलगा ओंकार, त्याचे वडील दशरथ फापाळे, नदीपलीकडचे मोठे टोमॅटोवाले. बरणीतली अंडी फुटली त्याच दुपारी फापाळे घरी आले आणि पाणी पिऊन झाल्यावर मुद्द्यावर आले. मुलीनं हे काम सोडावं आणि लग्नाआधी एकदा तपासणी करून घ्यावी, लोकांची तोंडं बंद होतील, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ईश्वरी चहा घेऊन आली, कप त्यांच्यापुढं ठेवला आणि आत गेली. सारिकानं कळवते म्हणून सांगितलं.

त्यानंतरचे दोन दिवस सारिकाला भीती वाटली. अंडी जिवंत आहेत असं ती बोलली असती तर खोऱ्यात काय झालं असतं? टोचणी बिघडली, एवढंच लोकांनी ऐकलं असतं आणि शेडवरच्या पोरींच्या कपाळी आणखी चार वर्षं तेच लिहिलं गेलं असतं. आणि नाही बोलली, तर वायाळांच्या नर्सरीतली पाच लाख रोपं माशी घेऊन खोऱ्यात पांगली असती आणि एकदा शेतात गेलेलं रोप परत येत नसतं. त्यांना अडवणारी एकच गोष्ट होती, पत्रावरची तिची सही. असला मान तिला नको होता, पण आता तो गळ्यात पडला होता.

ती बरणी घेऊन जुन्नरला सोनटक्क्यांकडे गेली.

हे घर तिला परकं नव्हतं. तरुणपणी ती त्यांच्या प्रयोगशाळेत माश्या पाळायची. मागच्या खोलीत जाळीचे पिंजरे, त्यांत वांग्याची रोपं, रोपांवर हजारो निरोगी माश्या, आणि मागतील तेव्हा त्यातल्या मोजून नेऊन द्यायच्या, हे तिचं काम. पान कसं धरायचं, भिंग किती अंतरावर ठेवायचं, हे सगळं सोनटक्क्यांनी तिला शिकवलं होतं. आज तिच्या गळ्यात होतं ते भिंगही त्यांनीच दिलेलं. सरांचं वय आता अठ्ठ्याहत्तर होतं.

सरांनी बरणी पाहिली, वही पाहिली आणि दोन्ही बाजूला सारली. चौकीदार शून्य दाखवतोय, ते म्हणाले. सारिकानं सांगितलं की चार वर्षं दर दहा पावलांवर पिवळा पत्रा टांगलेला आहे. पिवळ्यावर भुलणाऱ्या माश्या चिकटून मेल्या, न भुलणाऱ्या तेवढ्या उरल्या, आणि त्यांना मोजायला खोऱ्यात कुणी नाही. सर म्हणाले, रोपांना पाणी कमी पडलं असेल म्हणून शेंडे वळले. सारिकानं ओली माती बोटानं दाखवली. मग सर चिडले.

"साठ पिढ्या," ते म्हणाले. "साठ पिढ्या मी हा विषाणू माशीत खेळवला. कणभर बदलला नाही. तू मला बरणी दाखवतेस?"

"त्या साठ पिढ्यांना माश्या कुठून येत होत्या, सर?"

सोनटक्क्यांनी बाजूला सारलेली वही परत पुढं ओढली.

"मी आणून देत होते," सारिका म्हणाली. "मागच्या खोलीतून. दर वेळी नव्या, निरोगी. जुनी माशी वांझ झाली की तुम्ही हाक मारायचात आणि मी नवी आणायची. विषाणूला माशीच्या लेकरांची कधी गरजच पडली नाही. खोऱ्यात त्याला नव्या माश्या कोण देणार होतं?"

सांगायला गोष्ट सोपी होती, म्हणूनच ती इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. माशीला वांझ करणारा विषाणू आपल्याच पायाखालची फांदी तोडतो. माशी संपली की त्याला पुढच्या झाडावर नेणार कोण? काढणीनंतर झाडाबरोबर तोही वाळून जाणार. पण कोट्यवधींत एखाद्या विषाणूची पकड चुकून सैल झाली, तर त्याच्या माशीला पोरं होतात आणि त्या पोरांबरोबर तो पुढं जातो. पकड जितकी सैल तितकी पोरं जास्त. आणि बलक अंड्यापर्यंत पोचायला लागला की त्याला लटकलेला विषाणूही अंड्यात उतरतो. पोर जन्मतंच विषाणू घेऊन. रोगाचा काढून टाकलेला भाग त्याला बांधावरच्या धोतऱ्यातल्या जुन्या विषाणूकडून मिळाला असणार. एका माशीत दोन विषाणू भेटले की तुकड्यांची देवघेव होतेच. पांढऱ्या माशीची पिढी एकवीस-बावीस दिवसांची. चार वर्षांत खोऱ्यातही साठच पिढ्या झाल्या होत्या.

सोनटक्क्यांना हे सगळं तिच्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळू आवाजात म्हणाले की हे बाहेर गेलं तर लोक टोचणीलाच शिव्या घालतील, त्या शेडवरच्या पोरींचं काय होईल, तुझ्या स्वतःच्या मुलीचं काय होईल, याचा विचार कर. सारिकाला हसू आलं आणि रागही आला. गावाची अफवा सरांना आतापर्यंत कधी दिसली नव्हती, आज मात्र ती ढालीसारखी कामाला आली होती. तिनं बरणी उचलली. सही करणार नाही, एवढं सांगून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी विलासशेठनं तिला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नव्हता. नवरा गेला तेव्हा सहा महिने त्यानं तिला कामावर न बोलावता पगार दिला होता, आणि तिला ते आठवत होतं म्हणूनच ती मान खाली घालून ऐकत राहिली. खोऱ्यातल्या बाकी तीस नर्सऱ्यांच्या पत्रांवर शून्याची सही झाली होती. फक्त वायाळांचं पत्र अडलं होतं. बाकीच्या मोजणीदारांना डोळे नाहीत का, असं त्यानं विचारलं. डोळे आहेत, पान उलटलेलं नाही, असं ती म्हणाली. टोचणी पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाचा फोन येऊन गेल्याचं आणि तिचा मोजणीदाराचा बिल्ला काढून घेण्याची भाषा चालल्याचंही शेठनं सांगितलं. सोनटक्के साहेबांनी स्वतः येऊन सही केली तर मोजणीदाराची लागत नाही, असा नियम असल्याचंही सांगितलं.

"मग बोलवा त्यांना," सारिका म्हणाली. "पण माझ्यासमोर करू देत."

गाड्या भरायच्या सकाळी नर्सरीबाहेर टेम्पोंची रांग लागली होती. सगळ्यांत पुढचा टेम्पो दशरथ फापाळ्यांचा. सारिका फाटकाजवळ एका उलट्या क्रेटवर बसली होती आणि तिच्या मांडीवर चौथ्या शेडमधला एक ट्रे होता. कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. टोचणीच्या शेडवरच्या बाया हातमोजे न काढताच बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांत ईश्वरीही होती.

विलासशेठच्या गाडीतून सोनटक्के उतरले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात काठी. शेठनं टेबल मांडून ठेवलं होतं, त्यावर पत्र आणि पेन. सरांनी सारिकाकडे पाहिलं नाही. ते थेट टेबलापाशी गेले, पेन उचललं आणि पत्र वाचू लागले. ते प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचत, तेवढी त्यांची सवय सारिकाला ठाऊक होती. ती त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि त्या जुन्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हा रकाना तुम्हीच घातलाय, सर. मी तेव्हा तुमच्याकडे होते," ती म्हणाली. "खूण करायच्या आधी एक पान उलटा. एकच. मग सही करा, मी फाटक उघडते."

तिनं गळ्यातलं भिंग काढून त्यांच्यापुढं धरलं. सरांनी ते लगेच घेतलं नाही. मग म्हाताऱ्यानं पेन खाली ठेवलं, भिंग घेतलं आणि सारिकाच्या हातातल्या ट्रेमधलं एक पान दोन बोटांत धरून उलटलं. पान धरायची पद्धत तीच होती.

ते मोजू लागले. आधी मनात, मग ओठ हलू लागले, मग आवाज फुटला. "अकरा. बारा. तेरा." रांगेतले लोक जवळ आले. "सतरा. अठरा. एकोणीस." तिथं ते थांबले. पानाच्या शिरेलगत त्यांना काहीतरी दिसलं होतं. "पिल्लंही आहेत," ते म्हणाले.

त्यांनी पान सोडलं आणि भिंग सारिकाच्या हातात परत दिलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"गाड्या परत पाठवा," ते विलासशेठला म्हणाले. "हिचं बरोबर आहे. मी चुकलो. या खोऱ्यात साठ दिवस टोमॅटोचं एक रोप उभं राहता कामा नये. माशीला विषाणू मिळाला नाही पाहिजे आणि विषाणूला झाड."

गलका झाला. शिव्याही झाल्या, काही सारिकाला, काही कंपनीला. त्या गलक्यातून दशरथ फापाळे पुढं आले. आश्चर्य म्हणजे ते खूश होते.

"मी म्हनत नव्हतो?" ते सगळ्यांकडे बघून म्हणाले. "ताई, आता येवढं बोललाच हायेत तर पुरतं बोला. ही टोचणीच वाईट. बायांना बी वाईट. तुम्ही एकदा तोंडानं म्हना, म्हंजे शेडच बंद होईल. तुमची लेक बी सुटंल आन आपली सोयरीक बी मार्गी लागंल."

सारिकाला कळलं की आत्ता एक 'हो' म्हटलं की निम्मा जमाव तिच्या बाजूनं येतो. लेकीचं लग्न होतं, शिव्या थांबतात, आणि जे खरं आहे ते पटवायला एक खोटं कामी येतं. तिला त्या क्षणी फापाळ्यांचा मनापासून राग आला.

"नाही," ती म्हणाली. "मी पाहिलं तेवढंच सांगणार. हा विषाणू बाईला काही करत नाही. चार वर्षांपूर्वी करत नव्हता, आज करत नाही. माशीला करत होता, आता तिलाही करत नाही. एवढंच बिघडलंय. याच्यापुढं एक शब्द मी जोडणार नाही, माझ्या मुलीच्या लग्नासाठीसुद्धा नाही."

फापाळे ईश्वरीकडे वळले. निदान पोरीला तरी व्यवहार कळेल, असं त्यांना वाटलं असावं. ईश्वरी दोन पावलं पुढं आली. तिनं हातमोजा काढला, बोटातली साखरपुड्याची अंगठी काढली आणि त्यांच्या टेम्पोच्या बॉनेटवर ठेवली.

"धुवून घ्या, काका," ती म्हणाली. "टोचणीच्या हातातली आहे. आणि तपासणी ओंकारची पण करून घ्या, पुढच्या पोरीला बरं पडेल."

शेडवरच्या एका बाईला हसू आवरलं नाही, मग दुसरीलाही. फापाळ्यांनी अंगठी खिशात टाकली आणि रिकामा टेम्पो वळवला.

त्या दुपारी तीस नर्सऱ्यांतल्या मोजणीदारांनी चार वर्षांत पहिल्यांदा पानं उलटली. काहींनी सारिकाला शिव्या देत उलटली. संध्याकाळपर्यंत बावीस जणांनी आधीचं शून्य खोडून नवा आकडा लिहिला. रोपं शेडमध्येच नष्ट केली गेली. सोनटक्क्यांनी आपल्या चुकीचा कागद स्वतःच्या हातानं लिहून सगळीकडे पाठवला. त्यात मागच्या खोलीतल्या माश्यांचा उल्लेख होता आणि सारिका औटीचं नावही. कंपनीची नोटीस सारिकाला आली, ती तिनं वाचली आणि बरणीखाली घातली.

खोऱ्यानं कांदा लावला, मका लावला, आणि साठ दिवस टोमॅटोशिवाय काढले. लोकांचा राग काही कमी झाला नाही. बाजारात कुणी तिच्याशी तुटक बोलायचं, कुणी बोलायचंच नाही. ईश्वरीला एकदा विचारलं कुणी, की आता पस्तावतेस का. ती म्हणाली, मोजून सांगते.

साठाव्या दिवशी एप्रिलचं ऊन तापायच्या आत सारिका कालव्याच्या कडेनं निघाली. खोऱ्यातली तणांची वीस ठिकाणं नेमून दिली होती. पिवळे पत्रे आता नव्हते, फक्त भिंग आणि हात. वीसही ठिकाणी शून्य आलं तर त्याच दिवशी नर्सऱ्या बी टाकणार होत्या. विलासशेठ स्वतः तिच्याबरोबर चालत होता, मागं आणखी वीस-पंचवीस माणसं. पहिल्या ठिकाणी शून्य. पाचव्या ठिकाणी शून्य. बाराव्या ठिकाणी शून्य आल्यावर मागं कुणीतरी नर्सरीत फोन लावून ट्रे भरायला सांगितलं. एकोणिसाव्या ठिकाणी लोक हसत-बोलत होते आणि विलासशेठनं तिला पाण्याची बाटली दिली.

विसावं ठिकाण म्हणजे कालव्याच्या मोरीजवळचा धोतरा. सारिका उकिडवी बसली. वरचं पान उलटलं, काही नव्हतं. मधलं उलटलं, काही नव्हतं. खालचं पान धुळीनं माखलं होतं. ते उलटून तिनं भिंग लावलं.

शिरेला लागून दोन अंडी उभी होती. बदामी.

मागची माणसं पुढं सरकली. तिच्या पाठीवरूनच त्यांना काहीतरी कळलं असावं. विलासशेठ वाकला आणि हळूच म्हणाला की दोनच आहेत ना, एवढ्या मोठ्या खोऱ्यात दोन. तिला त्याची दया आली, सगळ्यांचीच आली, स्वतःचीही. मग तिनं गुडघ्यावर पत्र ठेवलं. 'पान उलटून पाहिले' पुढं 'होय'वर खूण केली, आणि खालच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: दोन.

सही करून तिनं पत्र विलासशेठकडे दिलं. त्यानं ते वाचलं, एक मोठा श्वास सोडला आणि खिशातून फोन काढला.

"ट्रे रिकामे करा," तो फोनवर म्हणाला. "अजून एकवीस दिवस. नाही, दुसरं कुणी नको पाठवायला. बाईनं बघितलंय."